आठ पायांचा ऑक्टोपस आणि आपली दहा बोटे

रविवारची वंदना आटोपली की आमच्या विहारातल्या बाया लगेच घरी जात नाहीत. पोरे अंगणात खेळत राहतात, चहा फिरतो आणि पिशव्यांतून लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. वर्षावासात ग्रंथवाचन ऐकता ऐकता ही सवय लागली. आधी रुमाल झाले, मग मोबाईलच्या पिशव्या झाल्या. आता मात्र जिच्या तिच्या हातात एकच वस्तू दिसते, ती म्हणजे किल्लीला अडकवायचा इवलासा ऑक्टोपस. कॉलेजच्या मुली तो दप्तराला लावतात. कुणी देवमासा करते, कुणी कासव. पण आठ पायांचा ऑक्टोपस सगळ्यांचा लाडका.

एका रविवारी आमच्यातल्या एका ताईंनी सुई खाली ठेवली आणि हात झटकायला सुरुवात केली. "रात्री दोन वाजता हाताला मुंग्या येऊन जाग येते," त्या म्हणाल्या. "हात अंगाखाली आला असेल म्हणून सोडून देते." चौकशी केली तेव्हा कळले, की ताई फक्त विहारात विणत नाहीत. त्या एका व्यापाऱ्याकडून लोकर आणतात आणि नगावर ऑक्टोपस करून देतात. पाणी, स्वयंपाक, मुलांचे डबे उरकले की दुपारी दोन तास आणि घर झोपले की रात्री बारापर्यंत. शेजारी बसलेल्या आजी मात्र म्हणाल्या, "अगं, मला तर ह्या विणण्यानेच झोप लागते. आधी रात्रभर छताकडे बघत पडायची."

सुई तीच, लोकर तीच, टाकाही तोच. एकीला त्याने झोप लागते आणि दुसरीची झोप मोडते. असे का होते, हे समजून घ्यावे म्हणून आम्ही या वेळचे आरोग्याचे पान या ऑक्टोपसाला दिले आहे. तो कसा करायचा तेही सांगतो, कारण करून पाहिल्याशिवाय हात आणि डोळे किती राबतात ते कळत नाही.

आजींना झोप का लागते?

लोकरीची अशी भरीव खेळणी विणण्याची कला जपानमधून जगभर गेली. तिकडे तिला अमिगुरुमी म्हणतात. यात एकच टाका पुन्हा पुन्हा घालायचा असतो आणि प्रत्येक फेरीचे टाके मोजायचे असतात. मोजणी चुकली की वाटोळे डोके वाकडे होते. त्यामुळे मन दुसरीकडे फार भटकत नाही. मुलाची नोकरी, घराचे भाडे, सुनेचे बोलणे हे सगळे घटकाभर बाजूला राहते. शिवाय तास-दीड तासात हातात एक पुरी झालेली वस्तू येते. घरकाम कधीच पुरे होत नाही. घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी होतात. ऑक्टोपस एकदा झाला की झाला. या 'झाले' म्हणण्यातही समाधान असते.

ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी क्रोशे करणाऱ्यांना प्रश्न विचारले होते. 87 देशांतल्या 8,391 जणांनी उत्तरे दिली आणि त्यांत बहुतेक सगळ्या बायाच होत्या. दहातल्या जवळजवळ नऊ जणींनी सांगितले, की विणल्याने मन शांत होते. दहातल्या आठ जणींना त्याने आनंदी वाटते. आमच्या आजी जे सांगतात तेच हे.

पण हा आकडा वाचून लगेच भुलायचे नाही. उत्तरे देणाऱ्या होत्या आवडीने विणणाऱ्या बाया. त्यांना कंटाळा आला की त्या सुई खाली ठेवू शकत होत्या. संध्याकाळी इतके नग द्यायचेच, नाहीतर पैसे कापले जातील, अशी टांगती तलवार त्यांच्यावर नव्हती. आमच्या ताई आणि आजी यांच्यातला फरकही हाच आहे. आजी दमल्या की थांबतात. ताई दमल्या तरी थांबत नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विणणे म्हणजे विपश्यना नव्हे आणि ते औषधही नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, जेवण जात नसेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर लोकरीने भागणार नाही. दवाखान्यात जावे. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. तिथे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर मोफत बोलता येते. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, तसेच हे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ऑक्टोपस असा करा

सामान थोडेच लागते. चार पदरी सुती दोरा किंवा लोकर, 2.5 मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची शिवायची सुई, डोळ्यांसाठी काळा दोरा, किल्लीची कडी आणि आत भरायला उशीत घालतात तो फायबर. पहिल्यांदा करत असाल तर फिकट रंग घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि डोळे ताणावे लागतात.

जुन्या गादीतला कापूस आत भरू नका. त्यात धूळ असते. घरात कुणाला दमा असेल तर त्याला त्रास होतो. शिवाय धुतल्यावर कापूस लवकर वाळत नाही, गोळा होतो आणि कुबट वास मारतो.

1. दोन साखळ्या घाला. पहिल्या साखळीतच 8 मुके खांब घाला.

2. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन मुके खांब. झाले 16.

3. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असे फेरी पुरी होईपर्यंत. झाले 24. फेरी कुठे सुरू झाली ते कळावे म्हणून तिथे वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा.

4. चौथ्यापासून आठव्या फेरीपर्यंत वाढवायचे नाही, घटवायचे नाही. प्रत्येक फेरीत 24. हळूहळू वाटीचा आकार येतो.

5. आता डोळे. वाटी अजून उघडी आहे, तेव्हाच काळ्या दोऱ्याने दोन डोळे आणि एक हसरे तोंड भरून घ्या. गाठी आतल्या बाजूला राहू द्या. डोळ्यांना मणी लावू नका; का ते पुढे सांगतो.

6. नवव्या फेरीत एक साधा खांब, मग दोन टाक्यांचा मिळून एक, असे आठ वेळा. उरले 16. आता फायबर भरा. डोके लहान लिंबाएवढे टणक व्हायला हवे, पण टाक्यांच्या फटी दिसतील इतके ठासू नका.

7. दहाव्या फेरीत दोन-दोन टाक्यांचा एक. उरले 8. आठ टाके म्हणजे आठ पाय.

8. टाक्याला वरून पाहिले तर दोन धागे दिसतात. पाय पुढच्या धाग्यात करायचे. 10 साखळ्या घाला. सुईजवळची एक सोडून उरलेल्या 9 साखळ्यांत प्रत्येकी दोन मुके खांब घालत परत या. पाय आपोआप पिळदार होतो. त्याच टाक्यात तो अडकवून पुढच्या टाक्यावर जा. असे आठ पाय.

9. दोरा वीतभर ठेवून कापा. तो शिवायच्या सुईत ओवून मोकळे राहिलेले मागचे आठ धागे गोळा करा आणि ओढून भोक बंद करा. डोक्यावर लहानसा फास शिवून त्यात कडी अडकवा.

पहिल्याचा आकार वाकडातिकडा आला तरी तो उसवू नका. आमच्या विहारातला पहिला ऑक्टोपस बटाट्यासारखा दिसत होता. तो अजून विहाराच्या कपाटाच्या किल्लीला आहे.

किल्लीला लावलेली वस्तू रिक्षात, बाजारात, दवाखान्यात सगळीकडे आपल्याबरोबर फिरते. तिला रोज हात लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा ती साबणाने धुऊन उन्हात वाळवावी.

बोटांचा हिशेब

आता थोडे मोजू. वर सांगितलेल्या ऑक्टोपसात 336 मुके खांब आणि 82 साखळ्या आहेत. एका मुक्या खांबासाठी दोरा दोनदा ओढावा लागतो आणि साखळीसाठी एकदा. म्हणजे एका ऑक्टोपसासाठी मनगट साडेसातशे वेळा वळते. ताई दिवसाला पाच नग करतात. पावणेचार हजार वेळा तेच मनगट, त्याच बाजूला. त्यात धुणे पिळणे, कणीक मळणे आणि पाण्याचा हंडा उचलणे धरलेले नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांची आणि पट्ट्याची एक अरुंद बोळ असते. बोटे वाकवणारे स्नायूंचे दोर त्या बोळीतून जातात आणि त्यांच्याबरोबर एक मोठी नसही जाते. दोर सुजले की नस दबते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, मुंग्या येतात. हा त्रास रात्री जास्त होतो, कारण झोपेत मनगट वाकते. हात झटकला की बरे वाटते. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळी बधिर होत असेल तर बहुधा दुसरी नस दबलेली असते, कोपराजवळची. म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर 'हात दुखतो' एवढेच न सांगता कोणते बोट आणि कोणत्या वेळी ते सांगा.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायांना जास्त होतो. गरोदरपणात होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप जातो. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर तो होण्याची शक्यता वाढते. म्हणून मुंग्या दोन आठवड्यांत गेल्या नाहीत तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपले आणि काम कमी केले, तरी पुष्कळ जणींना आराम पडतो. पण अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकू लागला, हातातून कप निसटू लागला, तर एक दिवसही थांबू नका. नस फार काळ दबून राहिली तर गेलेली ताकद परत येणे अवघड होते.

'नस चढली' म्हणून कुणाकडून मनगट मोडून घेऊ नका. मंतरलेला धागा आणि तांब्याचे कडे यांनी नस मोकळी होत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे वेगळे सांगायला नको, पण दुखणे माणसाला कुठेही नेते, म्हणून सांगतो.

त्रास होऊ नये म्हणून काय करावे? सुई फार बारीक असेल तर तिच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळा. जाड दांडा धरायला बोटांना कमी जोर लागतो. दोरा आवळून धरू नका. सुई टाक्यात शिरताना अडत असेल तर टाके फार घट्ट पडत आहेत, असे समजा. दर वीस मिनिटांनी सुई ठेवा, मुठी उघडा-मिटा दहा वेळा, अंगठा प्रत्येक बोटाला लावा, खांदे गोल फिरवा.

मानेचेही ऐका. आपले डोके साडेचार-पाच किलोचे असते. ते पुढे झुकवून तासभर बसलो की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. खुर्ची-टेबल सगळ्यांच्या घरी नसते आणि त्याची गरजही नाही. भिंतीला पाठ टेकून बसा आणि मांडीवर उशी घ्या. हात उशीवर टेकवले की काम डोळ्यांजवळ येते आणि मान वाकत नाही. एवढ्या एका उशीने आमच्यातल्या तिघींची मानदुखी कमी झाली आहे.

वीस फूट आणायचे कुठून?

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, की जवळचे काम करताना दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरची वस्तू वीस सेकंद पाहावी. दहा बाय दहाच्या खोलीत वीस फूट आणायचे कुठून? दारात यावे. गल्लीच्या टोकाचा खांब, समोरच्या चाळीवरची टाकी, पंचशील ध्वज, जे लांबचे दिसेल ते पाहावे. पापण्या मुद्दाम मिटाव्या-उघडाव्या, कारण बारीक काम करताना आपण पापण्या लवायचेच विसरतो आणि डोळे कोरडे पडतात.

शक्यतो दारातल्या उजेडात विणावे. रात्री विणायचेच असेल तर दिवा डोक्याच्या मागे नको, कारण आपलीच सावली कामावर पडते. उजव्या हाताने विणणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला ठेवावा.

वय चाळीसच्या पुढे असेल आणि सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागत असेल, तर चाळिशी लागली आहे. हा आजार नाही. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होते, इतकेच. पण आपल्या बाया चष्मा टाळतात. कुणी म्हणते म्हातारी दिसेन, कुणी म्हणते पैसे कशाला घालवू. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या 751 मजुरांचा एक अभ्यास झाला आणि तो 2018 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, अर्ध्यांना लगेच दिला नाही. चष्मा मिळालेल्यांची पानांची खुडणी दुसऱ्यांपेक्षा सुमारे 22 टक्के जास्त वाढली. चहाची पाने खुडायला जर चष्म्याने एवढा फरक पडतो, तर क्रोशाच्या टाक्याला किती पडेल, याचा विचार करा.

फुटपाथवरचा तयार चष्मा घेण्याआधी एकदा सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात डोळे तपासून घ्या. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारी डोळ्यांची खराबी सुरुवातीला दुखत नाही, कळत नाही. तपासणीतच सापडते. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ज्येष्ठांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूद आहे. रुग्णालयात त्याची जरूर चौकशी करा.

बाळाच्या पाळण्यात नको

ऑक्टोपसाची एक गोष्ट मोबाईलवर फिरते आहे. डेन्मार्कमध्ये 2013 साली काही लोकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करून रुग्णालयांना द्यायला सुरुवात केली. बाळ त्याचे पाय नाळेसारखे धरते आणि शांत राहते, असे सांगितले जाते. पुढे अनेक देशांत हे पोचले. गोष्ट गोड आहे. पण त्याने बाळाची प्रकृती सुधारते, असा पक्का पुरावा नाही. शिवाय तिकडचे ऑक्टोपस ठरलेल्या नियमाने होतात: सुती दोरा, 60 अंशांच्या पाण्यात धुता येईल असा, पाय ओढले तरी 22 सेंटिमीटरपेक्षा लांब नाहीत. आणि बाळ असते परिचारिकांच्या नजरेखाली.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, की ऐकीव आहे म्हणून मानू नका. मोबाईलवर आलेल्या निरोपालाही ते लागू आहे. आपला किल्लीचा ऑक्टोपस पाळण्यात ठेवायचा नाही. त्याला धातूची कडी आहे आणि लांब पाय आहेत. तीन वर्षांखालचे मूल हातात येईल ते तोंडात घालते. मणी किंवा प्लास्टिकचा डोळा निघाला तर थेट श्वासनळीत अडकू शकतो. म्हणूनच डोळे दोऱ्याचे करायला सांगितले. बाळ दगावू नये म्हणून आईला जपायचे असेल तर पोटभर अंगावरचे दूध, वेळेवर लस आणि छातीशी कवटाळलेली ऊब, यांचा पुरावा पक्का आहे.

काम संपले की सुया मोजून डबीत ठेवा. आपण सगळे एकाच खोलीत जमिनीवर झोपतो. सुई हरवली तर ती रांगणाऱ्या पोरालाच सापडते.

नगाचे पैसे हाही आरोग्याचाच प्रश्न

कुणी म्हणेल, आरोग्याच्या पानावर मजुरीचे काय काम? ताईंचा हात बघितल्यावर आम्हाला वाटले, की मुळात दुखणे तिथेच आहे. आम्ही घड्याळ लावून मोजले. सरावलेल्या हाताला एक ऑक्टोपस करायला, भरणे, डोळे आणि कडी धरून, एक तास पाच मिनिटे लागली. समजा एका नगाला 20 रुपये मिळतात. म्हणजे तासाला साडेअठरा रुपयेही पडत नाहीत. आठ तास राबले तर 148 रुपये. दिवा आपला, जागा आपली, चहा आपला, आणि दुखणेही आपलेच. एवढ्यात भागत नाही म्हणून बाई रात्री जागते आणि मग पाचवीतली मुलगी अभ्यास सोडून आईजवळ पाय विणायला बसते. त्या मुलीच्या हातात त्या वेळी पुस्तक हवे. बाबासाहेबांनी आपल्याला पहिले काय सांगितले, ते सगळ्यांना पाठ आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आणणारी दुरुस्ती 1946 ची. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच एप्रिल 1946 मध्ये मांडले. त्याचा कायदा 1948 साली झाला. त्याही आधी, 1928 साली, मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. कामगाराचे शरीर हे यंत्र नाही, त्याला विसावा लागतो, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत सांगितले.

पण कारखान्याला भोंगा असतो, घराला नसतो. नगावर काम करणाऱ्या बाईचे तास कुणी मोजत नाही. घरी बसून काम करणाऱ्यांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली एक करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून निदान आपण तरी मोजावे. एका वहीत रोज लिहा: किती वाजता बसले, किती वाजता उठले, किती नग झाले, किती पैसे आले. महिन्याने वही बघितली की व्यापाऱ्याशी बोलायला बळ येते. एकटीने भाव मागितला तर तो दुसरीकडे जातो. दहा जणींनी मिळून मागितला तर त्याला बसून बोलावे लागते. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी आहे, ती मोफत आहे. घरी काम करणारी बाईही कामगारच आहे, हे कागदावर यायला हवे. नोंदणी केली नसेल तर करून घ्या.

ताईंचे पुढे काय झाले?

ताई पालिकेच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी बोटे विचारली, मनगट वाकवून पाहिले, साखर तपासली. साखर थोडी जास्त निघाली. हे त्यांना माहीतच नव्हते. रात्री बांधायचा पट्टा मिळाला, खाण्यापिण्याचे पथ्य मिळाले आणि महिनाभर काम निम्म्यावर आणायला सांगितले. "निम्म्यावर आणले तर फी कशी भरू?" असे त्यांनी आम्हाला विचारले. त्याला आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. गटातल्या बायांनी त्यांचे दोन-दोन नग आपसांत वाटून घेतले आणि पैसे ताईंनाच दिले. एक महिना निघाला. वहीतले तास घेऊन सात जणी मिळून व्यापाऱ्याकडे जाऊन आल्या. त्याने विचार करतो म्हटले आहे. पाहू.

मुंग्या अजून येतात, पण रोज नाही. रविवारी ताई विहारात येतात तेव्हा एकच ऑक्टोपस करतात, तो व्यापाऱ्याचा नसतो. गेल्या वेळी त्यांनी लेकीच्या दप्तरासाठी निळा केला. मधेच सुई खाली ठेवली, दारात गेल्या आणि ध्वजाकडे बघत उभ्या राहिल्या. आम्ही विचारले, "काय झाले?" त्या म्हणाल्या, "काही नाही. वीस मिनिटे झाली."

आपणही एक करून पाहा. दमलात की थांबा. थांबता येत नसेल, तर का थांबता येत नाही ते एकट्याने सोसू नका, विहारात येऊन सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!